पटावरचं पहिलं नाव

"बारावी पास आणि गावातलीच रहिवासी. अशी सेविका आज मिळाली नाही, तर मंजूर झालेलं पाळणाघर दुसऱ्या गावाला जाईल," सुपरवायझर मॅडमनी फाईल मिटली.

ग्रामपंचायतीच्या हॉलमधल्या सगळ्या माना शितलकडे वळल्या.

दीड वर्षांची ईश्वरी तिच्या मांडीवर पेनाचं टोपण चावत होती. शितल बीएस्सी, कुरकुंभला औषध कंपनीच्या लॅबमध्ये. ईश्वरीला सांभाळणाऱ्या सासूबाईंना हल्ली नीट दिसत नव्हतं. गेल्या महिन्यात पोर हौदाच्या काठावर सापडली, तेव्हापासून शितल रजेवर होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा जाणार. म्हणून तर पाळणाघराचा अर्ज तिनंच लिहिला होता. दारोदार फिरून सह्या, अंगठे घेतले होते.

"पोरी, शिकल्याली तूच हायेस," सरपंच बापूसाहेब म्हणाले.

"बापूसाहेब, मला नोकरी आहे."

"आन् आमाला न्हाई व्हय?" मागून सविता बोलली. ती कुरकुंभच्याच एमआयडीसीत पॅकिंगला जायची. "मी ड्युटीला जाते तवा चिमीला खाटंला बांधून जाते. आदी सुतळी होती. वळ उठले, तवा लुगड्याची पट्टी केली."

चिमीला ती तशीच उचलून घेऊन आली होती. घोट्याला बांधलेल्या पट्टीचं टोक खाली लोंबत होतं. शितलनं तिकडं पाहिलं नाही. अर्जातलं पहिलं वाक्य तिला त्या घोट्यावरूनच सुचलं होतं.

गावात बारावी झालेल्या आणखी दोघीच. एक लग्न होऊन शिरूरला गेली, दुसरीच्या सासऱ्यानं परवाच नाही म्हणून सांगितलं. निदान ईश्वरी डोळ्यांसमोर राहील, शितलनं मनाला समजावलं. तिथंच बसून कंपनीतल्या साहेबांना राजीनाम्याचा मेसेज पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मुलांच्या हजेरीचा कोरा पट पुढं सरकवला. शितलनं सुवाच्य अक्षरात पहिलं नाव लिहिलं: ईश्वरी. आईचं कामाचं ठिकाण: पाळणाघर.

"अहो, हे खोडा," मॅडम म्हणाल्या. "इथं फक्त नोकरदार आयांची मुलं घेता येतात. दुसरं मूल नुसतं बसवताही येत नाही."

"मग मी कोण?"

"तुम्ही मानधनावर, ताई. ती सेवा झाली. नोकरीत धरत नाहीत." मॅडमचा आवाज खाली गेला. "मी विचारून बघते वर. पण सध्या खोडा."

शितलनं रेघ मारली. पेन ईश्वरीच्या हातात जाऊ नये म्हणून घट्ट धरलं आणि विचारलं, "पुढचं नाव?"

"चिमी," सविता म्हणाली. मग खाली वाकून तिनं पोरीच्या घोट्याची गाठ सोडली, पट्टी हातानं सरळ केली, घडी घातली आणि हळूच शितलच्या पटाशेजारी ठेवली.

"र्‍हाऊ दे ताई तुला. मऊ हाय. वळ उठत न्हाई."