तेल पिणारा रोलर

“ऑइल जातं कुठं, बिरदेव? परवा भरलेला डबा दिला, आज रिकामा!”

ओव्हरसियर आबासाहेबांनी भर उन्हात रोडरोलर थांबवून ड्रायव्हरला खाली उतरवलं होतं. त्र्याहत्तर सालचा दुष्काळ. मंगळवेढ्याच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं.

“कुटं म्हंजे? जळतंय की,” बिरदेव म्हणाला. “निळा धूर बगा त्यो. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. कितींदा सांगितलं तुमाला.”

“रिंगा दिवाळीत नव्या टाकल्यात. मी समोर उभं राहून टाकून घेतल्यात, बिलही मीच लावलंय.” आबासाहेब मुद्दाम मोठ्यानं बोलत होते. “ऑइल तू विकतोस.”

खडी फोडणाऱ्या बायांचे हात थांबले. त्या बायांत बिरदेवची सासू होती, केराबाई. गाव त्याच्या सासुरवाडीचं. बायको पहिल्या बाळंतपणाला इथंच आलेली. आणि हा बाबा चारचौघांत त्याला चोर म्हणत होता! इंजिनाखाली गळणारं ऑइल पत्र्याच्या डब्यात धरून, फडक्यानं गाळून, परत इंजिनात ओतणारा माणूस तो. असल्या माणसाला चोर म्हणायला जीभ तरी कशी रेटते?

बिरदेवनं हातातला पाना जमिनीवर आपटला. “सायेब, तोंड सांबाळून बोला.”

“ओरडतोस कशाला? तुमच्या देवाचा भंडारा उचल. कर नाही त्याला डर कशाला?” आबासाहेब हसले.

त्या हसण्यानं बिरदेवच्या अंगाची लाही झाली. बिरोबाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोललं, तर वंश उरत नाही असं मानणारी ही माणसं. जमिनीच्या वाटणीतसुद्धा ती भंडाऱ्यापर्यंत जात नाहीत. आणि इथं डबाभर ऑइलसाठी देव मधे घालायचा! नाही म्हणावं, तर सगळं गाव त्याला चोर म्हणून मोकळं होणार.

त्यानं सासूकडं पाहिलं. केराबाई उठली. कनवटीची पुडी सोडून तिनं त्याच्या तळहातावर भंडारा ओतला. त्याच्या तोंडाकडं मात्र तिनं पाहिलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

“बिरोबाची आन,” त्याचा आवाज रागानं कापत होता, “ह्या इंजिनाच्या ऑइलचा थेंब जरी मी इकला असंल, तर माझ्या पोटचं जगू नये.”

केराबाईनं डोळे मिटून घेतले.

“बरं, बरं. झालं ना? लाव मशीन.” आबासाहेब छत्री उघडत जीपकडं वळले.

“थांबा की सायेब.” बिरदेव आडवा आला. त्यानं उघडा तळहात पुढं केला. “रिंगा नव्या टाकल्या म्हनलात न्हवं? समोर उभं ऱ्हाऊन? आता तुमी उचला.”

“काहीतरीच काय! मी असल्या गोष्टी मानत नाही.” आबासाहेब दोन पावलं मागं सरले. बाया एकेक करून उठल्या आणि जीपपुढं येऊन उभ्या राहिल्या.

केराबाईनं आता जावयाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि साहेबाच्या छातीपाशी नेला.

“मानत न्हाय तर मग भ्या कशाचं? उचला की. तुमच्या लेखी नुसती हळदच हाय.”