पथ्याशिवाय औषध

गुणवंतरावांच्या स्वादुपिंडाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी, त्यांना आरमोरीहून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, "सुईनं औषध थेट लिव्हरच्या गाठीतच सोडू. बाकी अंगाला फारसा त्रास नाही."

"अन् साहेब, पथ्य काय पाळाचं?"

"काही नाही. आवडेल ते खाऊ द्या."

आशाबाईंनी हंबरडाच फोडला. त्यांच्या गावात असं फक्त जायला निघालेल्या माणसाबद्दल सांगत. एटापल्लीचा वैदू तर साध्या खोकल्यालाही निम्मं जेवण बंद करायचा. गुणवंतरावांचं त्यानं मीठ तोडलं होतं, आणि रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस पाजायला लावला होता; तो अजून चालूच होता.

डॉक्टर आधी गडबडले. मग काय ते उमजून आवाज चढवून म्हणाले, "आणि हो, वांगं बंद! एक फोडही पोटात जाता कामा नये!"

आशाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "असं बोला नं साहेब! मंग वाचतेत आमचे हे."

सकाळपासून आडवे पडलेले गुणवंतराव कोपरावर उठून बसले.

"साहेब, कारलं इसरले तुमी!"