एकाला दिलं की दुसऱ्यालाही

"तासभर तरी द्या हो," प्राध्यापकाची बायको म्हणाली. "पुन्हा दिसायचे नाहीत ते मला."

परराष्ट्र खात्याच्या मागच्या फाटकाशी पांढरी गाडी उभी होती. प्राध्यापक उत्तरेकडच्या बड्या देशातून पळून आलेला. गेली सहा वर्षं इथे घड्याळं दुरुस्त करून पोट भरत होता. आता उत्तरवाल्यांनी त्याला परत मागितलं होतं, आणि उत्तरवाल्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

"पाच मिनिटं," तराजूसाहेब म्हणाले. "आज तुम्हाला तास दिला, तर उद्या दुसऱ्यालाही द्यावा लागेल."

ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. मागच्याच वर्षी प्राध्यापकाने ते दुरुस्त करून दिलं होतं. तेव्हापासून सेकंदाचाही फरक पडला नव्हता. पाचवं मिनिट भरलं तसे ते शिपायाला म्हणाले, "वेळ संपली."

तराजू हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खात्यातल्या टवाळांनी ठेवलेलं नाव. पण एव्हाना मंत्रीही त्याच नावाने हाक मारत. उत्तरेला एक बडा देश, दक्षिणेला दुसरा, दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, आणि मधे आपण. इकडे आड, तिकडे विहीर. अशा जागी तीस वर्षं देश तगला तो तराजूसाहेबांच्या एका नियमावर: एकाला दिलं की दुसऱ्यालाही तितकंच. दोन्ही राजदूतांच्या खुर्च्यांची उंचीसुद्धा ते पट्टीने मोजून घेत. उत्तरवाल्यांना बंदर दिलं, त्याच दिवशी दक्षिणवाल्यांना पत्र गेलं: शेजाऱ्यांची विनंती आम्ही मान्य केली आहे, आपलीही तशी काही असल्यास तितक्याच आपुलकीने विचार करू. दक्षिणवाल्यांनी धावपट्टी मागितली. दिली. पत्राचा मसुदा साहेबांचा स्वतःचा. टंकलेखिकेला तो तोंडपाठ होता.

गाडी गेल्यावर साहेब टेबलाशी येऊन बसले. जेवणाची वेळ झाली होती.

"साहेब, दक्षिणवाल्यांना नेहमीचं पत्र?" टंकलेखिकेने विचारलं.

"हो, त्यात विचारायचं काय," म्हणत त्यांनी न वाचता सही ठोकली. बंदराच्या वेळी ठोकली होती तशीच. बंदर वेगळं आणि माणूस वेगळा, हे त्या दुपारी त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तीस वर्षांची सवय होती.

आठव्या दिवशी सचिवांनी त्यांना बोलावून घेतलं. पत्राचं उत्तर आलं होतं. त्यात एकच नाव होतं. साहेबांच्या मुलीचं.

ती पत्रकार होती. दोन वर्षांपूर्वी, धावपट्टीखाली गेलेल्या गावाबद्दल तिने वर्तमानपत्रात लिहिलं होतं. दक्षिणवाल्यांनी तेव्हा थोडी आदळआपट केली आणि मग विषय सोडून दिला. विसरलेही असतील. नेहमीचं पत्र हातात पडल्यावर कुणीतरी जुनी फाईल काढली असणार.

"प्राध्यापक परका होता," तराजूसाहेब कसेबसे म्हणाले. "ही आपली मुलगी आहे, साहेब. या देशाची."

"धावपट्टीही आपलीच होती," सचिव मान वर न करता म्हणाले.

"मग निदान तासभर..."

सचिवांनी हाताची पाच बोटं दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फाटकाशी तीच पांढरी गाडी आली. मुलीने आईचा जुना स्वेटर घातला होता. रडत नव्हती ती. साहेबांनी तिचा हात धरला. औषधं घेतलीस ना, असं काहीतरी त्यांनी विचारलं. तिने मान हलवली.

"बाबा, एक सांगा ना," ती म्हणाली. "दोन वर्षं गप्प होते ते. मग आत्ताच त्यांना माझी आठवण कुणी करून दिली?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. अजून चार मिनिटं बाकी होती.

"वेळ संपली," ते शिपायाला म्हणाले.