चाळीस पानी बदकं

ऑन्टारियोच्या तळ्यावर लेखक विरुद्ध प्रकाशक अशी होड्यांची वार्षिक शर्यत रंगली होती. संपादक डंकन जिंकला, तर विनिफ्रेडच्या कादंबरीतलं बदकांवरचं चाळीस पानी प्रकरण कापलं जाणार होतं.

"अगं विनी, फापटपसारा काढला की पुस्तक पळतं, होडीही पळते!" असं ओरडत डंकनने गादी, छत्री आणि सँडविचचा डबा तळ्यात भिरकावला.

"माझी बदकं फापटपसारा नाहीत, मेल्या!" विनिफ्रेड किंचाळली. पण त्याची हलकी झालेली होडी सुसाट पुढे गेली, आणि तिने मनातल्या मनात बदकांचा निरोप घेतला.



अंतिम रेषेपाशी डंकनने हातांतल्या वल्ह्यांकडे पाहिलं, "एकाच कामाला दोन कशाला?" म्हणत एक फेकून दिलं, आणि तो जागच्या जागी गरगरू लागला.