खुडलेला बहर

पाचगणीतल्या त्या घराच्या परसात स्ट्रॉबेरीचे दोन वाफे होते, एक इंदुमतीचा, एक धाकट्या जावेचा, नयनाचा. रोपं एकाच दिवशी लावलेली, पण फुलं भरभरून आली ती नयनाकडे. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "हाताला गुण असावा लागतो." इंदुमतीला ते मिरचीसारखं झोंबायचं.

एका दुपारी घर पेंगत असताना तिने जावेच्या वाफ्यातलं एकूण एक फूल नखाने खुडून टाकलं. स्वतःच्या फुलांवरून मात्र मायेने हात फिरवला.

माघात तिच्या वाफ्यात बोराएवढी आंबट फळं धरली. नयनाची रोपं लालबुंद फळांनी वाकली.

सासूबाईंसमोरच नयनाने वाटी पुढे केली. "पहिली फळं तुम्हाला, ताई. पहिला बहर खुडला की रोप जोम धरतं, असं रोपवाटिकावाल्याने बजावलं होतं. माझा हातच धजेना. तुम्ही गुपचूप खुडलात, मी खिडकीतून पाहिलं."

"थोरली ती थोरलीच," सासूबाई म्हणाल्या.

या एका वाक्यासाठी इंदुमती लग्न होऊन आल्यापासून आसुसली होती, आणि ते मिळालं तेही जावेच्याच वाटीतून. फळ साखरेसारखं गोड होतं. तिला ते गिळवेना.