जावयाचं पिस्तूल

“ही किंमत खोटी आहे,” एल्डन स्टॅम्पर पडद्यावर बोट आपटत म्हणाला. “आधी स्वस्त दाखवतात, मग पाठवणावळ लावतात, वर कार्डाचे वेगळे. पार खालपर्यंत जा आणि मग बघ.”

जावई कोल्बी खालपर्यंत गेला. बेरीज बघून हसला. “तुम्ही नसता तर बुडालोच होतो, डॅड.”

एल्डनने पडद्यावरून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मुलीच्या, लेसीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण या पोराने त्याला कधी कुठल्या नावाने हाक मारली नव्हती. सणावारी आला तरी जेवण उरकून बाहेर आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसायचा. आज आपणहून आला होता. एल्डनने उठून त्याच्यासाठी ताजी कॉफी टाकली.

केंटकीच्या त्या डोंगरांत कोळशाची खाण बंद पडली तेव्हापासून एल्डन घरीच होता. पाठ कामातून गेलेली, बायको वारलेली. दिवसभर बंदुकांच्या साइट चाळायच्या, एवढाच त्याचा उद्योग. स्वतः क्वचितच घ्यायचा, पण कुणाला हरणाच्या शिकारीसाठी रायफल हवी असली, कुणाला पोराच्या वाढदिवसाला बंदूक हवी असली, की लोक त्याच्याकडे येत. चर्चमध्ये प्रार्थना संपली रे संपली, की कुणीतरी त्याला हळूच बाजूला घेई. एल्डनने शोधलेला माल कधी महाग पडला नाही, असं सगळे म्हणत. फक्त घरचा जावई तेवढा कधी आला नव्हता.

म्हणून त्याने काही कसर ठेवली नाही. कोल्बीचा पंजा आपल्या हातात घेऊन बोटांची लांबी बघितली. जड चालेल की हलकं, नवंच हवं की वापरलेलं चालेल, घाई आहे का, सगळं विचारलं.

“घाई नाही,” कोल्बी म्हणाला.

“मग जमलंच. हे बघ, पोलीस खाती जुनी पिस्तुलं बदलून टाकतात. कमरेला लावून लावून बाहेरून ओरखडे पडलेले असतात, पण झाडलेली फारशी नसतात. आतून कोरी करकरीत. लोक रूप बघतात आणि फसतात.”

तेवढ्यात फोन वाजला. लेसी होती.

“कोल्बी पोचला ना, डॅडी?”

“पोचला म्हणजे काय! मांडीला मांडी लावून बसलोय. असं झकास पिस्तूल काढून देतो ना त्याला, बघच तू.”

फोन कटला की काय, असं एल्डनला वाटलं.

“ऐकतेयस ना गं?”

“हो,” लेसी म्हणाली. “बरं.” आणि तिने फोन ठेवला.

साइटवर घेतलेलं पिस्तूल थेट घरी येत नाही. ते गावातल्या परवानाधारक दुकानात येतं, तिथे घेणाऱ्याची सरकारी तपासणी होते, मगच हातात पडतं. वेंडेलच्या दुकानात एका बाजूला मासेमारीचे गळ आणि दुसऱ्या बाजूला बंदुका होत्या. कोल्बीबरोबर एल्डनही गेला. वेंडेलने संगणकात कोल्बीचं नाव टाकलं आणि लगेच मान डोलावली.

“साधी तक्रारसुद्धा नाही याच्या नावावर.”

“जावई कुणाचा आहे!” एल्डन म्हणाला. तिघेही हसले.

पुढच्या रविवारी कोल्बीने त्याला जेवायला बोलावलं. बीन्स, मक्याचा पाव, परतलेला कोबी. पिस्तूल टेबलावरच होतं, कोल्बीच्या ताटाशेजारी.

“अरे, जेवताना तरी बाजूला ठेव त्याला,” एल्डन थट्टेने म्हणाला.

“असू द्या, डॅड. हे इथे असलं की घरात सगळं कसं वेळेवर होतं. हो ना गं?”

लेसी झटकन उठली आणि कुणी न मागितलेलं लोणी घेऊन आली. येताना ती नवऱ्याच्या खुर्चीमागून आली नाही. सगळ्या टेबलाला वळसा घालून आली. पिस्तुलाकडे तिने एकदाही बघितलं नाही.

एल्डनने हातातला घास तसाच ताटात ठेवला.

“कोल्बी,” तो म्हणाला, “मला देतोस ते? दाम दुप्पट देतो.”

“छे! असा सौदा परत कुठे मिळायचा? तुम्हीच म्हणालात ना?” कोल्बी हसला. हात पुसून त्याने पिस्तूल कमरेला खोचलं आणि कुत्र्याला खायला घालायला अंगणात गेला. दार त्याने उघडंच ठेवलं.

एल्डन मोरीपाशी ताटं धूत असलेल्या लेसीजवळ जाऊन उभा राहिला. “चल. आहेस तशी माझ्या गाडीत बस.”

“नको, डॅडी. मी गेले तर तो काय करेल, ते सांगून ठेवलंय त्याने.” ताटावरून तिचा हात फिरतच होता. “तुमचंही नाव घेतलंय.”

“मी शेरिफकडे तक्रार करतो.”

“आणि सांगणार काय? स्वतःच्या घरात, स्वतःच्या नावाचं पिस्तूल टेबलावर ठेवलं म्हणून?”

कायदा एल्डनला पाठ होता. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. सगळं रीतसर होईल याची काळजी त्यानेच घेतली होती. अंगणातून कोल्बीची शीळ ऐकू येत होती.

“पण तो माझ्याकडे आलाच कशाला?” एल्डनचा आवाज फाटला. “जगात काय मीच होतो?”

लेसीने नळ बंद केला.

“मीच पाठवलं होतं, डॅडी. वाटलं, तुम्ही तरी त्याला विचाराल, कशाला हवंय म्हणून.”