येते, अक्का

अठ्ठ्याऐंशी साली मी नर्स म्हणून एकटीच मस्कतला निघाले, तेव्हा अमळनेरच्या बसस्टँडवर आमच्या गल्लीतल्या झुंबरअक्कानं बजावलं, "बाई एकटी ऱ्हास, हे कोनले समजू देवानं नही. खोलीतून निंघताना मोठ्यानी म्हन, 'येते, अक्का.' ऐकनारले वाटी, मझार कोनी शे."

मस्कतच्या हॉस्टेलात मी रोज तसंच म्हणायचे, आत कुणी आहे असं वाटावं म्हणून. शेजारच्या खोलीतली सोसम्मा विचारायची, "तुझी अक्का कधी बाहेर पडत नाही?"

एका दुपारी मी दार ओढून घेताना आतून उत्तर आलं, "ये."

पंखा कुरकुरला असेल, असं म्हणून मी कुलूप लावलं. पण मग ते रोज येऊ लागलं, आणि रोज दाराच्या थोडं अधिक जवळून.

मग एके दिवशी ड्यूटीसाठी केस विंचरत होते. पाठीमागून कुणी म्हणालं, "येते, अक्का."

आवाज माझा होता. वळले तोवर दार लागलं आणि बाहेरून किल्ली फिरली.

ओरडायला गेले, तर घशातून आवाजच निघेना. मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

बाहेर सोसम्मा थांबली. "प्रमिला, आत कोण आहे?"

"अक्का आहे," माझा आवाज म्हणाला. "ती असंच करते."